मध्ये काही नको : ब्रायन मेचा टोन घडवताना

क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याच्या गिटारचा आवाज काढायचा म्हटलं की बहुतेकांचा हात आधी डिस्टॉर्शन पेडलकडे जातो. आवाज जाड होतो, लांबतो, पण गाणाऱ्या माणसाच्या गळ्यासारखा तो उघडा स्वर काही येत नाही. मग आणखी एक पेडल येतं, मग इक्वलायझर, मग कंप्रेसर. क्वीनच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत ऐकू येणारा तो आवाज निघतो चार गोष्टींतून: गिटार, एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर, आवाज पूर्ण उघडलेला व्हॉक्स एसी-३० हा अ‍ॅम्प आणि बोटांत धरलेलं एक नाणं. या चौघांचं एकमेकांशी नातं फार घट्ट आहे. त्यांच्यामध्ये पाचवं काही घुसलं की आवाज बिघडतो, आणि नेमका कुठे बिघडला ते कळत नाही. म्हणून काय जोडायचं याइतकंच काय काढून टाकायचं हेही इथे सांगायचं आहे.

सुरुवात गिटारपासून, म्हणजे ‘रेड स्पेशल’पासून. ऑगस्ट १९६३ मध्ये ब्रायन आणि त्याचे वडील हॅरोल्ड यांनी घरच्या घरी ती करायला घेतली. दोन वर्षं लागली. (ज्याच्या गळ्यामागे ही गिटार पुढे उभी राहिली तो क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेतला. लंडनला पोहोचल्यावर त्याचं घर फेल्टममध्ये ब्रायनच्या घराजवळच होतं.) मान जुन्या शेकोटीच्या चौकटीतल्या महोगनीची. त्या लाकडाला कीड लागली होती, ती भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. अंग जुन्या टेबलाच्या ओक लाकडाचं आणि ब्लॉकबोर्डचं, वरून महोगनीचा पातळ पापुद्रा. पडद्यांमधले ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातली मोत्याच्या शिंपल्याची बटणं. ट्रेमोलोला (तारा सैल-घट्ट करून सूर हलवणाऱ्या यंत्रणेला) १९२८ च्या पँथर मोटारसायकलच्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा, आणि त्याच्या दांड्याच्या टोकाला विणकामाच्या सुईची टोपी.

ही माहिती गंमत म्हणून सगळीकडे सांगितली जाते. टोनच्या दृष्टीने तिच्यातल्या तीनच गोष्टी कामाच्या आहेत. अंग आतून काही भागात पोकळ आहे, त्यामुळे अ‍ॅम्पचा मोठा आवाज लाकडाला हलवतो आणि सूर फीडबॅकवर तरंगत राहतो. तारेची मोकळी लांबी २४ इंच आहे, म्हणजे नेहमीच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) गिटारच्या साडेपंचवीसपेक्षा दीड इंच कमी. आणि तिसरी, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे पिकअपची, तारेची थरथर विजेत बदलणाऱ्या वेटोळ्यांची, जोडणी.

पहिले पिकअप ब्रायनने स्वतः गुंडाळले होते, बटणाच्या आकाराच्या लोहचुंबकांवर. तार ताणली की ती एका चुंबकावरून दुसऱ्याच्या क्षेत्रात जायची आणि आवाज विचित्र घासल्यासारखा यायचा. म्हणून त्याने बर्न्स कंपनीचे तीन ट्राय-सॉनिक घेतले आणि आतलं वेटोळं थरथरून शिट्टी मारू नये म्हणून त्यांत अ‍ॅराल्डाइट भरलं. तेच अ‍ॅराल्डाइट आपल्याकडे प्लंबर वापरतात. आजही कुणी हे पिकअप बसवत असेल आणि जोरात वाजवताना चिरकी शिट्टी येत असेल, तर उपाय हाच: इपॉक्सी नाहीतर मेण. मात्र इपॉक्सी एकदा भरलं की पिकअप दुरुस्त करता येत नाही. मेण जास्त सुरक्षित.

स्ट्रॅटमध्ये दोन पिकअप एकत्र केले की ते पॅरलल जोडले जातात. आवाज काचेसारखा, पातळ, गोड येतो. रेड स्पेशलमध्ये ते सीरिज आहेत, एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. दोघांची ताकद बेरजेत येते, मधला भाग फुगतो, वरची धार थोडी मऊ होते. प्रत्येक पिकअपला दोन सरकते स्विच, एक चालू-बंदचा आणि एक फेज, म्हणजे विजेच्या लहरीची दिशा, उलटवण्याचा. असे एकूण सहा. ब्रायनची नेहमीची जागा म्हणजे ब्रिज आणि मधला, दोन्ही एकाच फेजमध्ये. टोन शोधताना आधी एवढंच करा. बाकीच्या जोड्या नंतर.

फेज उलटवला की दोन्ही पिकअपमध्ये सारखे असलेले खालचे स्वर एकमेकांना खातात आणि वरचे उरतात. आवाज नाकातून आल्यासारखा, रडवेला होतो. घरात नुसता ऐकला तर तो इतका बारीक वाटतो की काहीतरी तुटलंय अशी शंका येते. बूस्टर आणि उकळता अ‍ॅम्प पुढे असला तरच त्याला अंग येतं. म्हणून फेज स्विच बसवल्यावर छोट्या क्लीन अ‍ॅम्पवर ऐकून तो काढून टाकू नका.

रेड स्पेशलच्या तयार प्रती बाजारात मिळतात. हाती स्ट्रॅट असेल तर तिच्यावरही बराच मार्ग कापता येतो. मधल्या पिकअपची ग्राउंडची वायर सोडवायची आणि एका डीपीडीटी (सहा पायांच्या, दोन बाजूंच्या) स्विचमधून ती ब्रिज पिकअपच्या गरम, म्हणजे आवाज बाहेर नेणाऱ्या, वायरला जोडायची. स्विच एका बाजूला असताना नेहमीची स्ट्रॅट, दुसऱ्या बाजूला ब्रिज आणि मधला सीरिजमध्ये. बहुतेक आधुनिक स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे या जोडीत विजेची गुणगुण दबून जाते. त्याच जोडीला फेज उलटवलात की मात्र गुणगुण दुप्पट परत येते. तो बिघाड नाही, जोडणीचा स्वभावच तसा आहे. पिकअपला धातूचं झाकण असेल आणि ते त्याच्याच ग्राउंडला जोडलेलं असेल तर आधी झाकणाची वायर वेगळी काढावी लागते, नाहीतर सीरिजमध्ये झाकणाला हात लावताच आवाज घुमायला लागतो.

तारेच्या लांबीचं गणितही स्ट्रॅटवर सोडवता येतं, आणि हा उपाय फार थोडे लोक करतात. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा आणि पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. पट्टी पुन्हा मूळची होते, आणि मोकळ्या तारेची लांबी साडेपंचवीसवरून २४.०७ इंचांवर येते. ताण सुमारे ११ टक्के कमी होतो. ०.००९ ची तार बोटाखाली अचानक लोण्यासारखी वळते, आणि ब्रायनचा तो रुंद, सावकाश व्हायब्रॅटो, म्हणजे सुराचा कंप, हाताला जमू लागतो. त्याच्या हातातला सैलपणा पुष्कळसा इथून आला आहे. दहा नंबरच्या ताणलेल्या तारांवर कितीही रियाज केला तरी व्हायब्रॅटो अरुंद आणि घाईचा येतो, आणि ऐकणाऱ्याला तो दुसऱ्याच कुणाचा वाटतो.

आता नाणं. ब्रायन प्लास्टिकच्या पिकऐवजी इंग्लंडचं जुनं सहा पेन्सचं नाणं वापरतो. व्यास १९ मिलिमीटरच्या थोडा वर, वजन २.८३ ग्रॅम, १९४७ पासून तांबं आणि निकेल यांच्या मिश्रणाचं, कडेला बारीक दाते. प्लास्टिकची पिक वाकते आणि तार सुटण्याआधीचा क्षण गिळून टाकते. नाणं वाकत नाही, म्हणून तारेवरचा सगळा ताबा बोटांच्या सांध्यांत येतो. नाणं सपाट धरलं तर आघात गोल येतो. थोडं तिरकं केलं की दाते तारेवर घासतात आणि प्रत्येक सुराच्या तोंडाशी एक खरखरीत व्यंजन उमटतं, ‘ट’ आणि ‘ख’ यांच्या मधलं. नाण्याचा कोन बदलत राहणं हा त्याच्या वाजवण्याचा भाग आहे.

सहा पेन्स मिळालं नाही तर आपल्याकडची पावली, म्हणजे जुने तांबे-निकेलचे २५ पैसे घ्या. व्यास १९ मिलिमीटर, कडेला दाते. जून २०११ मध्ये ती चलनातून गेली, पण घराघरांतल्या डब्यांत अजून पडलेली सापडते. कडेवरून नख फिरवून बघा. गुळगुळीत लागलं तर ते नाणं इथे उपयोगाचं नाही. नाण्याने वाजवायला लागल्यावर पहिले आठ-दहा दिवस सगळे एकच चूक करतात, ती म्हणजे मूठ आवळतात. नाणं जड आहे, त्याला धरून ठेवायला जोर लागत नाही. अंगठा आणि तर्जनीत ते हलकं ठेवा, कडेचा दोन-तीन मिलिमीटर भागच तारेला लागू द्या. तारा लवकर झिजतील, पहिली तार वरचेवर तुटेल. त्याची तयारी ठेवा.

सगळ्यांत जास्त गैरसमज बूस्टरबद्दल आहेत. साठच्या दशकात डॅलस रेंजमास्टर नावाचा एक पत्र्याचा डबा यायचा, ट्रेबल म्हणजे वरचे स्वर वाढवणारा बूस्टर. आयरिश गिटारवादक रॉरी गॅलघर तो एसी-३० ला लावून वाजवायचा. ब्रायनने त्याला लंडनच्या मार्की क्लबमध्ये ऐकलं, विचारलं, आणि त्याने मोकळेपणाने सांगून टाकलं. तिथून ही जोडी ब्रायनकडे आली.

डब्यात जेमतेम दहा सुटे भाग आहेत. ओसी-४४ जातीचा एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर. आत येताना ४.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, तो थेट बेसला. बेसपासून बॅटरीच्या ऋण टोकाकडे ४७० किलोओम, ग्राउंडकडे ६८ किलोओम. एमिटरपासून ग्राउंडकडे ३.९ किलोओम आणि त्याला समांतर ४७ मायक्रोफॅरड. कलेक्टरपासून ऋण टोकापर्यंत १० किलोओमचा पॉट (नॉबने फिरवायचा रेझिस्टर), आणि पॉटच्या मधल्या पायातून १० नॅनोफॅरडमधून आवाज बाहेर. बॅटरीवर समांतर आणखी एक ४७ मायक्रोफॅरड. संपलं. बॅटरीचं धन टोक ग्राउंडला आहे हे विसरू नका. दोन्ही मोठ्या कपॅसिटरांचा धन पाय ग्राउंडकडे जातो. सवयीने उलटा लावला जातो, आणि मग बूस्टर पहिल्यांदा लावला तेव्हा नीट वाजतो, पण चार दिवसांत दबतो.

त्या ४.७ नॅनोफॅरडमध्ये सगळी कळ आहे. ट्रान्झिस्टरचा इनपुट इम्पिडन्स (आत येणाऱ्या विजेला मिळणारा अडथळा) १५ किलोओमच्या आसपास, म्हणजे सव्वादोन किलोहर्ट्झच्या खालचं सगळं उतरत्या भाजणीने कमी होत जातं. खालच्या तारांचा भार अ‍ॅम्पपर्यंत पोहोचतच नाही, वरचे आणि मधले स्वर मात्र दहापटीहून मोठे होऊन जातात. एसी-३० पूर्ण उघडल्यावर त्याला खालचे स्वर पेलत नाहीत, ते पिठाच्या गोळ्यासारखे चिकटतात. बूस्टर आधी आवाजाची चरबी काढतो, अ‍ॅम्प नंतर नवीन चरबी चढवतो. म्हणून शेवटी हाती येतो तो जाड आवाज आणि त्यात प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो. बूस्टर एकटा, स्वच्छ अ‍ॅम्पवर ऐकला तर कर्कश वाटतो आणि लोक तो परत करून टाकतात. स्ट्रॅटवर ४.७ फारच टोचत असेल तर ६.८ नाहीतर १० नॅनोफॅरड लावून बघा. १० ला वळणबिंदू साधारण एक किलोहर्ट्झवर येतो आणि आवाजाला छाती मिळते. ४७ च्या पुढे गेलात तर तो ट्रेबल बूस्टर राहत नाही.

मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढताना कारागीर घोडीचा माथा एवढासा घासतो, तारेखाली सूत पुढेमागे सरकवतो, आणि मूळ स्वरातून वरचे स्वर उलगडायला लागतात. बूस्टरचा हा पहिला कपॅसिटर निवडणं म्हणजे तसलंच काम. कानाने करायचं, आणि पुढची सगळी साखळी जोडून करायचं.

ओसी-४४ आज महाग आणि नकली दोन्ही मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंच्या भंगारात एसी-१२८, एसी-१२६ सापडतात. भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एसी-१२८ बनवले होते. ते चालतात, पण एकेक तपासूनच घ्यावे लागतात, कारण जर्मेनियम गळतं, म्हणजे बेसला काही न देताही त्यातून थोडा प्रवाह वाहतो. मल्टिमीटरवरचा गेनचा, म्हणजे वाढ किती पट होते त्याचा, आकडा गळतीसकट येतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. असं करा: ९ व्होल्टची बॅटरी, एमिटर धनाला, कलेक्टर २.४ किलोओममधून ऋणाला, बेस मोकळा. त्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज लिहून घ्या. मग बेसपासून ऋणाला २.२ मेगओम लावा आणि पुन्हा मोजा. दोन आकड्यांतला फरक गुणिले १०० म्हणजे खरा गेन. पहिला आकडा ०.२४ व्होल्ट असेल तर गळती १०० मायक्रोअँपिअर, त्यापेक्षा फार जास्त असेल तर तो ट्रान्झिस्टर बाजूला. गेन ७० ते १०० च्या आसपास हवा. मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरू नका. हाताच्या उबेनेच आकडा वर चढत जातो.

हाच त्याचा मोठा दोष, आणि आपल्या हवेत तो जास्त जाणवतो. गळती दर १० अंशांना अंदाजे दुप्पट होते. २० अंशांच्या खोलीत जुळवलेला बूस्टर नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात ४० अंशांवर वाजवला तर गळती चौपट. कलेक्टरचा व्होल्टेज ग्राउंडच्या तुलनेत उणे ७ च्या जवळ असायला हवा. उष्णतेत तो शून्याच्या दिशेने सरकतो, सूर फाटतात आणि अकाली विझतात. म्हणून ६८ किलोओमच्या जागी १०० किलोओमचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा पॉट) टाका आणि जिथे वाजवायचं आहे तिथल्या तापमानात, बूस्टर दहा मिनिटं चालू ठेवून, तो उणे ७ वर आणा. मांडवात, उन्हात, दिव्यांखाली वाजवायचं असेल तर सरळ सिलिकॉनचा बूस्टर घ्यावा असं माझं मत आहे. खुद्द ब्रायननेही पुढे पीट कॉर्निश आणि ग्रेग फ्रायर यांनी बनवलेले बूस्टर वापरले. सिलिकॉनचा आवाज किंचित कोरडा, पण तो हवामानावर अवलंबून नाही.

धन-ग्राउंडचा बूस्टर इतर पेडलांच्या एकाच साखळी-अडॅप्टरवर लावला की शॉर्ट होतो. त्याला स्वतंत्र बॅटरी द्या.

आणि आता शीर्षकातली गोष्ट. गिटार आणि बूस्टर यांच्यामध्ये काहीही ठेवू नका. ट्यूनर नको, बफर (पिकअपला ओढ न लावता आवाज पुढे देणारं सर्किट) असलेलं पेडल बंद स्थितीतही नको, वायरलेस नको. कारण बूस्टरचा तो कमी इम्पिडन्स थेट पिकअपच्या वेटोळ्याला ओढतो. पिकअपची वरची धार त्या ओढीने बोथट होते, आणि ‘ट्रेबल’ बूस्टर असूनही आवाज मधल्या पट्टीत गातो. मध्ये बफर आला की पिकअपला ओढ लागत नाही, सगळी धार जशीच्या तशी बूस्टरमध्ये जाते आणि दहापटीने कानावर आदळते. ‘माझा बूस्टर फार चिरका आहे’ अशी तक्रार असेल तर आधी हे तपासा. दहांतल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात. ट्यूनर लागतोच, तो बूस्टरच्या नंतर लावा किंवा गिटारच्या डोक्यावर चिमट्याचा वापरा.

घरातल्या खरखरीचा उगमही शोधा. पंख्याचा जुना, गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि मंद होणारे दिवे यांची करकर बूस्टर आनंदाने मोठी करतो. पंखा पूर्ण वेगावर ठेवला किंवा बंद केला की फरक कळतो.

एसी-३० बद्दल सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे त्याच्या दोन इनपुटांपैकी जास्त चमकदार आवाजाचा टॉप बूस्ट चॅनल निवडणं. नावात बूस्ट आहे, शिवाय एसी-३० म्हटलं की त्याचीच कीर्ती आठवते. ब्रायन नॉर्मल चॅनल वापरतो, व्हॉल्यूम पूर्ण. त्या चॅनलला बास-ट्रेबलचे नॉब नाहीत. आत चार ईएल-८४ नळ्या, कॅथोड बायस, पॉवर विभागात निगेटिव्ह फीडबॅक नाही, त्यामुळे अ‍ॅम्प स्वच्छ आवाजातून फाटक्या आवाजात एकदम न उडता हळूहळू सरकतो. जीझेड-३४ रेक्टिफायर (अ‍ॅम्पला वीज पुरवणारी नळी) जोराच्या आघाताला किंचित खचतो आणि सावरतो, म्हणून सूर छेडल्यावर फुलत जातो. पुढे १२ इंचांचे दोन सेलेस्टियन ब्लू स्पीकर, मागून उघड्या पेटीत. कट नावाचा नॉब असेल तर लक्षात ठेवा, तो उजवीकडे फिरवला की वरचे स्वर कमी होतात. टोन बोचरा वाटला तर आधी कट थोडा वाढवा, बूस्टर कमी करू नका.

तीस वॉट पूर्ण उघडे म्हणजे शेजाऱ्यांच्या भांड्यांना कंप. इमारतीत राहणाऱ्याला दोन वाटा आहेत. एक, ईएल-८४ ची एकच नळी असलेला चार-पाच वॉटचा अ‍ॅम्प पूर्ण उघडून, सोबत अ‍ॅटेन्युएटर (स्पीकरकडे जाणारा जोर कमी करणारा डबा). अशा अ‍ॅम्पला खचणारा नळीचा रेक्टिफायर बहुधा नसतो, आणि एका नळीची फाट वेगळी असते, तरीही सूर त्याच घराण्यातला येतो. दुसरी वाट ऑडिओ इंटरफेस आणि सॉफ्टवेअरची. त्यात एसी-३० चा नॉर्मल चॅनल निवडा, गेन शेवटपर्यंत, त्याच्या आधी ट्रेबल बूस्टरचा ब्लॉक. पण इंटरफेसचा इनपुट इम्पिडन्स साधारण एक मेगओम असतो, म्हणजे वर सांगितलेली बफरची अडचण इथे आपोआप येते. सॉफ्टवेअरमधला बूस्टर पिकअपला ओढू शकत नाही. काही मोठ्या मॉडेलरांत (अ‍ॅम्पची नक्कल करणाऱ्या डिजिटल यंत्रांत) इनपुट इम्पिडन्स बदलता येतो. तो १० किंवा २२ किलोओमवर ठेवा, आवाज डोळ्यांदेखत गोल होतो. ती सोय नसेल तर खरा बूस्टर विकत घ्या किंवा करा, आणि तो इंटरफेसच्या आधी लावा. त्याचा आवाज मोठा असतो. इंटरफेसचा गेन जवळजवळ शून्यावर आणा, नाहीतर लाल दिवा पेटेल आणि डिजिटल फाट ऐकू येईल. ती नळीच्या फाटीसारखी कधीच वाटत नाही.

सगळं जोडल्यावर पायाने दाबायचं काही उरत नाही. गेनचा ताबा उरतो गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर, आणि तो नॉब करंगळीने चालवायला शिकणं हा या टोनचा अर्धा अभ्यास आहे. १० वर तो गातो. कमी इम्पिडन्समुळे नॉब ७ वर आणला तरी फरक मोठा पडतो, आवाज दाणेदार होतो, तालाच्या कॉर्डला योग्य. आणखी खाली आलात तर जवळजवळ स्वच्छ. कॉर्डसाठी नॉब खाली, सोलो आला की वर, आणि दोघांच्या मध्ये पेडलची टक नाही. ज्यांना सवय नाही ते नॉब १० वर ठेवून संपूर्ण गाणं वाजवतात आणि मग ‘कॉर्ड चिखल होतात’ म्हणतात. एसी-३० तसा उघडा असताना त्या कॉर्ड कुणाच्याही हातून चिखलच होतील.

एकट्याने तीन सूर उभे करण्याचं त्याचं तंत्र मला सगळ्यांत सुंदर वाटतं. सत्तरच्या दशकात त्याने एकोप्लेक्स ही टेपवर चालणारी इकोची यंत्रं घेऊन त्यांत बदल करून उशीर लांबवला. वाजवलेला सूर काही वेळाने परत येतो, त्याच्यावर तो तिसऱ्या अंतराचा स्वर (सा वर ग) लावतो, मग दोन्ही परत येतात. यात खुबी ही, की प्रत्येक प्रतिध्वनीला स्वतंत्र अ‍ॅम्प. मधला अ‍ॅम्प कोरडा, म्हणजे मूळ सुराचा, डावा पहिला प्रतिध्वनी, उजवा दुसरा. एकाच फाटलेल्या अ‍ॅम्पमध्ये दोन सूर एकत्र घातले तर त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्यांचे बेसूर स्वर जन्माला येतात. वेगवेगळ्या अ‍ॅम्पमधून आले की ते हवेत भेटतात, व्हायोलिनच्या तिघा वादकांसारखे.

घरी करायचं तर दोन डिले: एक ८०० मिलिसेकंद, दुसरा १६००. दोन्हीत फीडबॅक शून्य, म्हणजे एकच पुनरावृत्ती, आणि मिक्स शंभर टक्के ओला, म्हणजे फक्त प्रतिध्वनी. सॉफ्टवेअरमध्ये तीन अ‍ॅम्प, डावीकडे, मध्ये, उजवीकडे. बूस्टर सगळ्यांच्या आधी, डिले त्याच्यानंतर. बूस्टरचा जोर डिले पेडलला झेपत नसेल तर मध्ये आवाज कमी करून पुढे पुन्हा वाढवा. मेट्रोनोम ७५ वर लावा, एक ठोका म्हणजे बरोबर ८०० मिलिसेकंद. पहिल्या ठोक्याला सा, दुसऱ्याला ग, तिसऱ्याला प. तिसऱ्या ठोक्याला तिन्ही एकदम वाजतात. चौथ्याला वरचा सा लावला तर ग आणि प सोबतीला असतात. हे जमलं की एकाच वेळी तीन गोष्टी डोक्यात ठेवायची सवय लागते: आत्ता काय वाजतंय, काय परत येतंय, आणि आत्ताचं परत येईल तेव्हा कशावर पडेल. लय एवढीशी सरकली तरी सगळं कोसळतं, म्हणून सुरुवातीला आठवडाभर तीनच स्वरांवर राहा.

स्टुडिओतले ते सनई, क्लॅरिनेट, तुतारी वाटावेत असे थर मात्र एसी-३० चे नेहमीच नाहीत. १९७२ मध्ये बँडचा बासवादक जॉन डीकन याला लंडनच्या रस्त्यावरच्या कचऱ्याच्या मोठ्या डब्यात एक सर्किट सापडलं. सुपरसॉनिक पीआर-८० नावाच्या ट्रान्झिस्टर रेडिओचा तो आवाजाचा भाग होता. जॉनने तो एका लहान स्पीकरच्या पेटीत बसवला. नॉब एकही नाही, चालतो ९ व्होल्टच्या बॅटरीवर. ब्रायनने त्याच्या आधी ट्रेबल बूस्टर लावला, आणि त्याच्या गिटार-वाद्यवृंदाला आवाज मिळाला. ‘डीकी अ‍ॅम्प’ म्हणून तो ओळखला जातो.

त्याचा जवळचा नातेवाईक आपल्या माळ्यावर असू शकतो: जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचा, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असलेला जुना बॅटरीचा रेडिओ. व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायाला ०.१ मायक्रोफॅरडमधून बूस्टरचा आवाज द्या, ग्राउंड पॉटच्या शेवटच्या पायाला, आणि रेडिओ दोन स्टेशनांच्या मधल्या शांत जागी ठेवा. हे फक्त बॅटरीवर चालणाऱ्या रेडिओवर करायचं. घरच्या विजेवर चालणाऱ्या जुन्या नळीच्या रेडिओला हात लावू नका. त्यांतल्या काहींचा पत्रा थेट विजेला जोडलेला असतो, आणि गिटारच्या तारांतून तो धक्का हातात येईल.

अशा अ‍ॅम्पवर एका वेळी एकच स्वर वाजवा, कॉर्ड नाही. प्रत्येक आवाजासाठी वेगळा ट्रॅक आणि वेगळी पिकअप-जोडी: वरच्या सुराला ब्रिज आणि मधला, मधल्याला मधला आणि मानेजवळचा, एखाद्याला उलट्या फेजची जोडी, म्हणजे प्रत्येकाचा गळा वेगळा होतो. हार्मोनायझरने एकाच सुराचे तीन केले तर तिघांचा व्हायब्रॅटो आणि आघात एकच राहतो आणि कान ते लगेच ओळखतो. मिश्रणात २०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. स्वर ताणणं आणि सोडणं सगळ्या ट्रॅकवर एकाच क्षणी आलं पाहिजे, म्हणून आधी वरचा सूर नक्की करा, त्याच्या ताणांच्या जागा कागदावर लिहा आणि बाकीचे त्याच्या मागे वाजवा. माइक स्पीकरच्या कापडाला जवळजवळ टेकवून. बॅटरी थोडी उतरलेली असेल तर बदलण्याआधी एकदा तशीच वाजवून बघा. सुराच्या शेपटाला एक तुटक, रवाळ कड येते, आणि तीन-चार थर एकावर एक चढले की त्याच कडेमुळे ते तुतारीसारखे वाजतात.